थाळी तीच, बेअरिंग नवं

तुमचा मोबाइल किती वर्षांचा आहे? खरं खरं सांगा. तीन? चार? आणि दुपारी साडेतीनलाच बॅटरी मान टाकते ना? मग तुम्ही सर्व्हिस सेंटर गाठता. काउंटरवरचा मुलगा फोन उलटासुलटा करून बघतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, हे मॉडेल बंद झालं. एक्स्चेंजमध्ये नवीनच घेऊन टाका.’’ आपण घेऊनही टाकतो. ईएमआय असतोच!

आता कल्पना करा, तोच मुलगा म्हणाला, ‘‘१९७३चा पीस आहे? काही हरकत नाही, परवा आलेला नवा पार्ट यात बसेल.’’ चेष्टा करतोय असं वाटेल. पण अशी एक कंपनी खरंच आहे. स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या बाहेर. नाव लिन. गाणी ऐकायची महागडी यंत्रं बनवते. आणि तिचे गिऱ्हाईक तिच्यावर इतके फिदा, की आपल्याकडे तसं प्रेम फक्त ठरलेल्या आंबेवाल्याच्या आणि फॅमिली डॉक्टरच्या वाट्याला येतं.

मी त्यांच्यातलीच एक, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी कंपनीनं मला दोन वर्षांसाठी ऑनसाइट पाठवलं, ग्लासगोला. एका बँकेचं प्रोजेक्ट. बाहेर कायम पाऊस, आत कायम मीटिंग. आमच्या टीममध्ये साठीच्या घरातले एक टेस्टर होते. कमी बोलणारे, डब्यात रोज तेच सँडविच आणणारे. मी मनातल्या मनात त्यांना ‘ग्लासगोकाका’ म्हणायचे. एकदा लंचला मी म्हटलं, माझ्या आजोबांच्या दीडशे रेकॉर्ड्स पुण्यात माळ्यावर पडून आहेत. काकांनी सँडविच खाली ठेवलं. त्या शनिवारी मला त्यांच्या घरी चहाचं आमंत्रण!

त्यांचं घर वेस्ट एंडमध्ये, लाल दगडाच्या जुन्या टेनेमेंट बिल्डिंगमध्ये. मला वाटलं होतं भिंतभर सिस्टिम असेल, निळे दिवे लुकलुकत असतील. होता काय, तर आपल्या जेवायच्या पाटाएवढी एक लाकडी चौकट, वर काळी मॅट, एक बटण. बास. हाच तो लिन सोंडेक एलपी१२. काकांनी तो १९७९ मध्ये घेतला होता, नवीन नोकरी लागल्यावर. सोफा नंतर आला, म्हणाले.

त्यांनी ब्ल्यू नाइल या ग्लासगोच्याच बँडचा पहिला अल्बम लावला. १९८४चा. गंमत म्हणजे तो लिननंच काढलेला. कंपनीचं तेव्हा स्वतःचं रेकॉर्ड लेबल होतं. मी बास कसा आहे, ट्रेबल कसा आहे असले शब्द मनात जुळवत होते, इंटरव्ह्यूला बसल्यासारखी. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, आता ही चाल गुणगुणून दाखव.

हा लिनचा जुना फंडा आहे. दोन सिस्टिममधली चांगली कुठली? जिच्यावर ऐकताना चाल चटकन पकडता येते, मनातल्या मनात सोबत गाता येतं, ती. वॅट, हर्ट्‌झ, डेसिबल काही बघायचं नाही. ‘ट्यून डेम’ असं त्याला नाव आहे. ऐकायला अगदी बाळबोध वाटतं, पण मला ते जाम आवडलं. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीत मान डोलावणारी मावशी दुसरं काय करत असते?

सगळा खेळ एका टोकावर

थोडं टेक्निकल सांगते, कंटाळू नका. सत्तरच्या दशकात लोकांचा समज असा, की आवाज चांगला हवा तर स्पीकर चांगले घ्या. टर्नटेबल काय, रेकॉर्ड गोल फिरवते, एवढंच. आयव्हर टिफनब्रुन नावाच्या ग्लासगोच्या तरुणानं हे उलटं करून टाकलं. त्याचं म्हणणं, रेकॉर्डच्या खाचेतून जे सुईनं उचललंच नाही, ते पुढे कितीही भारी अँप्लिफायर आणि स्पीकर लावले तरी परत येत नाही. उगमाशी गढूळ असलेलं पाणी नळाला फिल्टर लावून किती स्वच्छ होणार! म्हणून पैसे आधी टर्नटेबलवर घाला.

त्याच्या वडिलांचा प्रिसिजन इंजिनीअरिंगचा कारखाना होता, कॅसल नावाचा. तिथल्या मशिन्सवर हा डेक बनला. जड धातूची थाळी, तिच्या खालचा दांडा तेलात बुडालेला आणि एकाच टोकावर फिरणारा. थाळी आणि टोनआर्म ज्यावर बसवलेत तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर लटकतो, म्हणजे मोटरची आणि जमिनीची थरथर सुईपर्यंत पोचू नये. खाचेतली नक्षी इतकी बारीक असते, की शेजारच्या खोलीतलं चालणंसुद्धा तिच्यापुढे भूकंप. १९७३ मध्ये कंपनी सुरू झाली, लिन पार्कवरून नाव घेतलं, आणि एलपी१२ आजही बनतोय.

मग शोरूममध्ये नवी पद्धत आली. डेमोच्या खोलीत एकाच जोडीचे स्पीकर ठेवायचे, बाकीचे बाहेर. कारण न वाजणारे स्पीकरही आवाजानं थरथरतात आणि गाणं बिघडवतात, असं लिनचं म्हणणं. डीलर मंडळी याबाबतीत इतकी कडक होती, की त्यांचा एक पंथच झाला. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या नेम या कंपनीचे अँप्लिफायर आणि लिनचा डेक, ही त्या पंथाची ठरलेली जोडी. वर्षानुवर्षांचा संसार! ऐंशीच्या दशकाच्या मध्याला लिननं स्वतःचे अँप्लिफायर काढले, नेमनंही पुढे स्वतःचे स्पीकर आणि टोनआर्म काढले, आणि संसार मोडला. काका अजून सांगतात, त्या वेळी कुणी कुठली बाजू घेतली यावरून मित्रामित्रांत अबोला धरला गेला. नेमचा टोनआर्म मात्र लिनच्याच डेकवर छान बसायचा. घटस्फोटानंतरही एकमेकांकडे डबा पाठवणारी जोडपी असतात, तसं.

पावत्यांची फाइल

काकांनी एक जाड फाइल काढली. सगळ्या पावत्या. १९८२ मध्ये व्हॅलहाला आला, म्हणजे मोटरला अचूक वीज पुरवणारं सर्किट. तो बसवला. १९९३ मध्ये सर्कस नावाचं नवं बेअरिंग. तेही बसवलं. मधे टोनआर्म बदलला. मग अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला खालचा सांगाडा, त्याचं नाव कील. बायकोला तेव्हा ट्रिपचं वचन दिलं होतं म्हणे, तो विषय त्यांनी घाईनं पुढे ढकलला. आणि शेवटची पावती २०२०ची, करूसेल बेअरिंगची. हे १९७३ पासूनच्या एलपी१२ मध्ये बसवता येतं.

मी विचारलं, मग १९७९चं यात उरलंय काय? त्यांनी वरच्या थाळीवर बोट ठेवलं. थाळी आणि लाकडी चौकट. बाकी सगळं नवं. म्हणजे आपल्या सदाशिव पेठेतला पुनर्विकासाला गेलेला वाडा. पत्ता तोच, नावाची पाटी तीच, आत लिफ्ट!

पण यातली मेख बघा. काकांनी एकेचाळीस वर्षांत कधीच ‘नवीन टर्नटेबल’ घेतलं नाही. कंपनीनं त्यांना कधी जुनं फेकायला लावलं नाही. ब्रँड लॉयल्टी म्हटलं की आपण गिऱ्हाइकाच्या निष्ठेबद्दल बोलतो. मार्केटिंगवाले पॉइंट्स देतात, गोल्ड कार्ड देतात. इथे आधी कंपनीनं निष्ठा दाखवली, माणसं मागून आली.

याच्या उलट काय होतं तेही त्याच २०२० मध्ये दिसलं. सोनोस ही वायरलेस स्पीकरची अमेरिकन कंपनी. तिचे ग्राहकही असेच वेडे होते, घरातल्या प्रत्येक खोलीत तिचा स्पीकर. जानेवारी २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की मे महिन्यापासून काही जुन्या मॉडेल्सना सॉफ्टवेअर अपडेट मिळणार नाहीत. त्याआधी एक ‘रीसायकल मोड’ काढला होता. नव्या खरेदीवर तीस टक्के सूट हवी तर जुना, चांगला वाजणारा स्पीकर कायमचा निकामी करायचा. लोक भडकले. कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली, तो मोडही मागे घेतला. मग मे २०२४ मध्ये नवं ॲप आलं, त्यात आधीच्या कितीतरी सोयी गायब. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांनी खुर्ची सोडली. स्पीकर वाईट नव्हते हो. आवाज तर मस्तच. पण पैसे मोजून घरात आणलेली वस्तू आपली आहे की कंपनीची, ही शंका एकदा मनात आली की जात नाही.

प्रेम आंधळं नसावं

तरी मी लिनची भाट नाही. मोजमाप काढून बसलात तर मजा येईल. जपानच्या टेक्निक्सनं १९७२ मध्ये एसएल-१२०० आणला, १९७९ मध्ये त्याची क्वार्ट्‌झ लॉकवाली आवृत्ती. डीजे लोक अजून तीच वापरतात. फिरण्याचा वेग काटेकोर राखण्यात ती भल्याभल्यांना भारी, आणि दणकट इतकी, की ट्रकमधून फिरवा. उलट एलपी१२वर सुरुवातीला फक्त ३३चाच वेग! ४५ची छोटी रेकॉर्ड लावायची तर पुलीवर वेगळा अडॅप्टर. स्प्रिंगा हलल्या की पुन्हा जुळवायला जाणकार माणूस लागतो. जास्त पैसे, कमी सोयी, वर नखरे. माझ्या एका मित्राचं वाक्य आहे, ‘‘हे टर्नटेबल नाही, जावई आहे.’’

पण टेक्निक्सनं २०१० मध्ये उत्पादन बंद केलं. २०१६ मध्ये परत सुरू केलं ते नव्या, बऱ्याच महागड्या मॉडेलनं. मधल्या सहा वर्षांत ज्यांची निष्ठा होती त्यांनी काय करायचं?

आणि लिनही काही सोवळ्यातली नाही. आयव्हर टिफनब्रुन सीडीवर तोंडसुख घ्यायचे, मग नव्वदच्या दशकात कंपनीनं सीडी प्लेअर काढलाच. २००९ मध्ये तो बंद करायचंही जाहीर केलं, कारण दोन वर्षं आधीच नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर आणला होता. सर्वात कहर २०१७ मध्ये. युरिका २ नावाचा भाग आला, तो एलपी१२च्या पोटात बसतो आणि रेकॉर्डवरचा सिग्नल तिथेच डिजिटल करून टाकतो! ज्यांनी तीस वर्षं ‘डिजिटल म्हणजे बाटवणं’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं त्यांचं काय झालं असेल? काका म्हणाले, निम्म्यांनी निषेध केला आणि त्यातल्या निम्म्यांनी तो बसवला.

शिवाय जुनं कधी टाकावं लागत नाही याचीच दुसरी बाजू म्हणजे हे कधी संपत नाही. वरच्या पट्टीचा क्लायमॅक्स एलपी१२ वीस हजार पौंडांच्या पुढे जातो. २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त खास आवृत्ती काढली, फक्त २५० नग, किंमत ५० हजार पौंड. डिझाइनमध्ये हात कुणाचा, तर जॉनी आइव्ह यांचा. तेच, ज्यांनी आयपॉड आणि आयफोन डिझाइन केले! ज्या माणसाच्या डबीनं जगभरच्या रेकॉर्ड्स माळ्यावर गेल्या, त्यानंच टर्नटेबलच्या कोपऱ्यांना गोलाई दिली, तीही मानधन न घेता. त्या आवृत्तीसाठी दाबून घट्ट केलेल्या लाकडाची नवी चौकट बनवली, बेडरॉक नावाची. ती नंतर सगळ्यांसाठी सुट्टी विकायला काढली. म्हणजे आता काकांच्या डेकमधली चौकटही बदलता येईल. उरेल फक्त थाळी.

पुण्यातला पाहुणा

माझा डेक १९८४चा, सेकंडहँड. परत येण्याआधी एका निवृत्त शिक्षकाकडून घेतला. त्यांनी डेकसोबत पावत्यांची फाइल हातात ठेवली; ती नसेल तर जाणकार लोक बघतही नाहीत. सातबाराच म्हणा ना. कोणत्या वर्षी काय बदललं, कुणी बसवलं, सगळी नोंद. व्हॅलहाला मूळचाच, सर्कस नंतरचं.

थाळी काढून, तेल काढून, स्वेटरमध्ये गुंडाळून तो पुण्याला आला. इथे एक सुखद धक्का बसला. ग्लासगोच्या जुन्या घरांत लाकडी फळ्यांची जमीन. काका रेकॉर्ड लावून मांजरासारखे चालायचे, नाहीतर सुई उडी मारायची. आपल्याकडे सिमेंटचा स्लॅब. वरच्या मजल्यावर मसाला कुटला तरी डेक ढिम्म! विजेचीही चिंता नाही. दोन्हीकडे ५० हर्ट्‌झ, आणि तसंही व्हॅलहालामध्ये क्रिस्टल असल्यानं वेग तोच ठरवतो.

पहिली रेकॉर्ड लावली ती आजोबांच्या गीतरामायणाच्या संचातली. सुधीर फडक्यांचा आवाज. मी काही बोलले नाही, मुद्दामच. आई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. मिनिटभरात तिकडून गुणगुण ऐकू आली. ग्लासगोतली परीक्षा आई विळीवर बसून पास झाली, तिला सिलॅबसही माहीत नव्हता.

‘‘आवाज बरा आहे गं,’’ एवढंच म्हणाली. ‘‘पण कॅसेटवर ते नव्हतं येत.’’

‘‘काय ते?’’

‘‘श्वास घेतलेला.’’

आता या वर्षी बोनस आलाय. आणि मला करूसेल हवंय. किंमत एका चांगल्या फोनएवढी, बसवायची मजुरी वेगळी. नवऱ्याला म्हटलं, तर तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, ‘‘अगं, स्पॉटिफायचं सबस्क्रिप्शन आहे ना आपल्याकडे?’’ मग वर बघून, जरा सीरियसली, ‘‘तुला फरक ऐकू येईल?’’

प्रश्न वाजवी आहे, हे मान्य. यावर मी काकांना व्हिडिओ कॉल केला. आता ते रिटायर झालेत, सत्तरीकडे झुकलेत. त्यांना सांगितलं, नवरा असं विचारतोय. ते हसले. म्हणाले, माझ्या कानांची तपासणी झाली, वरच्या पट्टीतलं बरंचसं मला आता ऐकूच येत नाही. व्हायोलिनचा वरचा सूर आठवणीनं भरून काढतो. मग करूसेल कशाला बसवलंत? तर म्हणाले, झांज गेली, चाल कुठे गेलीय?

बेडरॉक घेणार का, हेही विचारलं. नाही, म्हणाले. चौकटीच्या एका कोपऱ्यावर मुलीनं लहानपणी क्रेयॉननं रेघ मारलेली आहे. तेवढं राहू दे.

नवऱ्याचा हिशेब अजून बाकी होता. फरक ऐकू येईल का, याला माझं उत्तर असं, की लागलं तर डोळे बांधून ऐकव, गुणगुणून दाखवते. मी हौस म्हणून घेतेय, गुंतवणूक म्हणून नाही, आणि ज्या वस्तूला पुढच्या वीस वर्षांत कचऱ्यात जायचं नाही तिच्यावर घातलेले पैसे मला फोनवर घातलेल्यांपेक्षा कमी टोचतात. तो म्हणाला, ‘‘ठीक आहे. पण मग ते जुनं बेअरिंग? पुन्हा माळ्यावर?’’

तर त्याचीही सोय झाली. १९९३च्या आधीचे, मूळ बेअरिंगवर चालणारे डेक अजून पुष्कळ आहेत. त्यांना माझं सर्कस म्हणजे अपग्रेडच. कोल्हापूरच्या एका डेंटिस्टकडे तसा एक आहे, त्याच्या काकांनी लंडनहून आणलेला. फोनवर त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘‘पावती आहे ना?’’ येत्या रविवारी तो फाइल बघायला येतोय.